काठ आणि काठावरची माणसे

परसातल्या सोनमाशांच्या तळ्याचे तीन भाग असतात: खड्डा, पाणी आणि काठ. खड्डा दोन मजूर एका दिवसात काढतात. पाणी नळाला आले की भरते. मासे शहरातून एसटीने, प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत, कुणाच्या तरी मांडीवर बसून येतात. काठ मात्र बांधावा लागतो, आणि नीट बांधला नाही तर दरसाल बांधावा लागतो. पाणी कमी होते, पाणी गढूळ होते, अस्तराचा काळा कागद दिसतो, दगड हलतो, मेहुणे पडले, अशा तळ्याविषयीच्या बहुतेक सगळ्या तक्रारी मुळात काठाच्या असतात. घरात दोष मात्र माशांना दिला जातो, कारण ते उलट बोलत नाहीत.

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला हा काठ बांधणे इतर ठिकाणांहून अवघड आहे. गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, म्हणजे जिल्ह्याच्या बोलीत ‘घाटाखाली’. वऱ्हाड आणि खानदेश यांच्या सीमेवरच्या या जागी दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ च्या सुमारास बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखान फारुकीला इथे हरवले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांच्यात अहमदनगरच्या गादीचा निकाल इथेच लागला. मधल्या काळात, १५८२ मध्ये, खुदावंतखान महदवीने गावात दगडी मशीद बांधली. सीमेचा एवढा अनुभव असलेल्या गावाला तीन मीटर लांब तळ्याची सीमा सांभाळणे जड जाऊ नये, असे कुणालाही वाटेल. पण त्या लढायांत निदान जमीन तरी जागच्या जागी होती.

काळी माती जागच्या जागी राहत नाही. बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे अतिशय पातळ पदर एकमेकांवर बसलेले असतात आणि पाणी त्या पदरांच्या मधोमध शिरते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मे महिन्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला हे मानवते. भेगांतून खोल गेलेली ओल ती पुढे पुरवून पुरवून वापरते. दगडाला हे मानवत नाही. काळ्या मातीवर नुसता ठेवलेला काठाचा दगड जुलैत वर येतो आणि एप्रिलमध्ये खाली जातो, आणि शेजारचा दगड त्याच वेळी तेवढाच वरखाली होईल असा काही करार दोघांत नसतो.

त्यात तळे ही आणखी एक भानगड. तळ्याशेजारची माती बारा महिने थोडी ओली राहते आणि हातभर पलीकडची कोरडी पडते. एकाच दगडाचा एक पाय ओल्यात आणि दुसरा कोरड्यात, म्हणजे दगड तिरका होणार हे ठरलेले. जवळ कडुनिंब असेल तर तो आपल्या बाजूची ओल ओढून घेतो आणि त्या बाजूचा काठ बसतो. कडुनिंबाच्या सावलीत तळे खणण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण उन्हात खणायला कुणी तयार नसते.

काम कधी काढावे, यावर गावात दोन मते नाहीत: अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शेतीची कामे उरकलेली, पोरांना सुट्ट्या. मातीच्या दृष्टीने मात्र वर्षातला याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही. माती तेव्हा जास्तीत जास्त आक्रसलेली असते. तिच्यावर बसवलेला काठ दोन महिन्यांत खालून उचलला जातो. भर पावसाळ्यात, फुगलेल्या मातीवर बांधलेला काठ उलट उन्हाळ्यात खचतो. पावसाची ओल मुरून गेलेली पण भेगा अजून न पडलेल्या, असे दिवस म्हणजे डिसेंबर आणि जानेवारी. त्या दिवसांत तुरीची आणि हरभऱ्याची घाई असल्यामुळे तळ्याचे नाव काढणाऱ्याला घरातूनच उत्तर मिळते.

उपाय जुना आहे: काठाखालची काळी माती काढून टाकायची. तळ्याच्या कडेने दीड-दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणून त्यात मुरूम भरायचा. भरायचा म्हणजे ट्रॉली उलटी करून मोकळे व्हायचे असे नव्हे. चार-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस, मग पुढचा थर. सैल भरलेला मुरूम पावसाचे पाणी पितो आणि खालच्या काळ्या मातीला पाजतो. तसा भरण्यापेक्षा न भरलेला बरा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीचा पुष्कळ अभ्यास करून दाखवून दिले की तिच्यावर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसवला, तर खालची माती वर उचलायचा हट्ट बराचसा सोडते. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली असे थर देतात. थोडी चिकण असलेला लाल मुरूम परसातल्या कामाला चालून जातो. कालव्यावर चालणारी गोष्ट सहा चौरस मीटरच्या तळ्यावर चालायला हरकत नाही. अडचण एवढीच की कालव्याच्या कामावर धुमस मोजायला अभियंता असतो, आणि परसात तिसऱ्या थरानंतर सगळे चहाला जातात ते थेट दगड बसवायलाच परततात.

पुढची पायरी पातळीची. पाणी स्वतः सपाट राहते, म्हणून काठही सगळीकडे सारख्या उंचीचा हवा. बांधकामातल्या बहुतेक चुका गिलाव्याखाली जातात. काठाची चूक पाणी रोज दाखवते. तीन मीटर लांबीत एका टोकाला दोन सेंटिमीटरचा फरक पडला, तर एकीकडे पाणी दगडाला टेकते आणि दुसरीकडे काळ्या कागदाची पट्टी उघडी पडते. ती पट्टी घरमालकाला पहिल्या दिवशी आणि बाकी सगळ्यांना पहिल्या तासात दिसते. ‘डोळ्यानं बरोबर हाये’ हे वाक्य भिंतीपुरते खपते. ओळंबा उभ्या रेषेचा, त्याचा इथे उपयोग नाही. लागते ती लेव्हल नळी: पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन टोकांना दोन माणसे, आणि दोघांच्या मधे ‘वर’, ‘खाली’, ‘जरासं’ असा संवाद. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की माप चुकते. त्याहून मोठी चूक म्हणजे पाणी सांडू नये म्हणून एका टोकावर धरलेला अंगठा. अंगठा तसाच राहिला की नळीतले पाणी हलत नाही आणि जिथे धराल तिथे पातळी तंतोतंत जुळते. असे तंतोतंत जुळलेले काठ पुष्कळ आहेत.

काठाची उंची आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवावी. परसाच्या पलीकडे कपाशी किंवा सोयाबीन असेल तर हे विसरून चालत नाही. फवारणीनंतरच्या पहिल्या सरीचे पाणी अंगणातून वाहत तळ्यात उतरले, तर सकाळी मासे पोट वर करून तरंगतात.

आता कागद. शेततळ्याच्या अस्तराला लोक कागदच म्हणतात. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून राज्यात शेततळी झाली. त्यामुळे पाचशे मायक्रॉनचा काळा कागद काय चीज आहे हे घाटाखालीही समजावून सांगावे लागत नाही. सोनमाशांसाठी योजना नाही, आणि सातबाऱ्यावर त्यांचा रकाना नाही. म्हणून परसातल्या तळ्याला कागद येतो तो नातेवाइकाच्या शेततळ्यातून उरलेला. हिशेब सोपा आहे. लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर दुमडायला अर्धा-अर्धा मीटर. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल तळ्याला साडेपाच बाय साडेचार मीटरचा तुकडा लागतो. उरलेला तुकडा पाच बाय चारचा असतो. हा तुकडा बसवण्यासाठी काठावरची दुमड कमी केली जाते, आणि तिथूनच काठाचे पुढचे सगळे दुखणे सुरू होते.

शेततळ्यात कागदाचे टोक बांधावर चर खणून त्यात पुरतात, जेणेकरून तो पाण्याच्या भाराने आत ओढला जाऊ नये. परसातही तेच करायचे, पण टोक पुरून संपवायचे नाही. दगडाच्या मागून ते उभे वर आणायचे आणि जमिनीच्या किंचित वर ठेवून मग माती ओढायची. टोक आडवेच मातीत सोडले, तर कागदावरून ओली झालेली माती आणि गवताची मुळे केशाकर्षणाने तळ्यातले पाणी शोषत राहतात. तळे गळत नाही, कागद फाटलेला नाही, तरी पातळी उतरते. अशा वेळी कागद पुन्हा पुन्हा तपासला जातो, मासे एवढे पाणी पितात का यावर चर्चा होते, आणि काठालगतचे गवत मात्र भर उन्हाळ्यात हिरवेगार असते. त्या गवताचे कौतुक करणारे आणि पाणी कुठे गेले म्हणून विचारणारे लोक एकच असतात.

विणलेला कागद ताठ असतो, त्यामुळे त्याच्याशी गोल आणि नागमोडी आकार जमत नाहीत. कोपऱ्यात घड्या पडतात आणि घड्यांत माती साचते. सरळ आयत बरा. चित्रातल्यासारखे वळणदार तळे हवे असेल तर मऊ रबरी अस्तर घ्यावे लागते, आणि ते उरलेले मिळत नाही.

आता दगड, ज्यासाठी हे सारे. काठाचा दगड तीन कामे करतो: कागदाला उन्हापासून झाकतो, माती आत ढासळू देत नाही, आणि बसणाऱ्याला बसू देतो. पहिल्या दोन कामांसाठी तो किंचित पाण्यावर पुढे आलेला असावा लागतो, आणि तिसऱ्या कामासाठी तो फार पुढे आलेला असून चालत नाही. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि दहा जाड काळ्या दगडाचे वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास भरते. तो पाच सेंटिमीटर पुढे काढला तर टोकावर ऐंशी किलोचा माणूस उभा राहिला तरी दगड ढिम्म हलत नाही. पंधरा सेंटिमीटर पुढे काढला तर दगड आणि माणूस एकाच दिशेने निघतात. दोन-तृतीयांश दगड जमिनीवर, असे गवंडी सांगतात. पाहुण्यांचा विचार करता याहून थोडे जास्तच जमिनीवर असू द्यावे.

घरदुरुस्तीतून उरलेल्या शहाबादी फरश्या काठाला लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. इंचभर जाडीची फरशी पुढे आलेल्या भागावर पाय पडताच तुटते, पण ती फुकट असते. बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स त्याहून गुळगुळीत आणि त्याहून फुकट.

भाराचा हिशेब करताना एक गोष्ट हमखास सुटते. काठावर माणसे सारखी पसरून उभी राहत नाहीत. मासे जिथे गोळा होतात तिथे माणसे गोळा होतात, आणि मासे तिथेच गोळा होतात जिथे त्यांना खायला टाकले जाते. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळापासून माणसाने पाळलेला हा मासा हात कुठून येतो हे पटकन शिकतो. चार दिवस एकाच दगडावरून मुरमुरे टाकले की पाचव्या दिवशी मासे त्या दगडाखाली आधीच हजर असतात. मग आजोबा तिथेच बसतात, पोरे तिथेच वाकतात, फोटो तिथेच निघतात, आणि बाकीच्या काठावर वर्षभर फक्त मांजर बसते. म्हणून सगळ्यात जड, रुंद आणि खाली नीट धुमसलेला दगड कुठे बसवायचा हे आधी ठरवावे आणि मुरमुरे तिथूनच टाकावेत. व्यवहारात क्रम उलटा असतो: मुरमुरे स्वयंपाकघराच्या दाराजवळून टाकले जातात आणि सगळ्यात चांगला दगड शोभा म्हणून समोरच्या बाजूला लागलेला असतो.

काठावर बसलेला प्रत्येक नवा माणूस एकच प्रश्न विचारतो: ‘हे खातेत का?’ नाही म्हटल्यावर दुसरा येतो: ‘मंग पायले कायले?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कुणी दिलेले नाही. डासांच्या अळ्या खातात, असे सांगून वेळ निभावता येते, आणि ते खरेही आहे. गावोगावच्या डबक्यांत आणि टाक्यांत आरोग्य खाते गप्पी मासे सोडते ते याचसाठी. फक्त आशाताई आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगायला आल्या की साडेचार हजार लिटरचे तळे त्यांना आधी दाखवावे आणि मासे नंतर, की उलट, हे ज्याने त्याने ठरवावे.

काठाची आतली बाजू उतरती ठेवावी की उभी, यावर बगळ्याचे मत निर्णायक ठरते. उतरता काठ मातीला धरून राहतो, पण बगळा आणि ढोकरी त्याच उतारावरून चालत आत येतात, गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि नारिंगी रंगाचे जेवण शोधण्याचे कष्टही त्यांना पडत नाहीत. काठापासून एकदम दीड फूट खोल पाणी असेल तर बगळ्याला पाय टेकायला जागा राहत नाही. खंड्याला त्याने फरक पडत नाही. तो वरून येतो. उभ्या भिंतीला मात्र मातीचा आडवा दाब सोसायचा असतो, म्हणून वरच्या बाजूला सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा चौफेर फिरवतात आणि कागद त्याच्यावरून नेतात. एका कोपऱ्यात मात्र दगडांची पायरी ठेवावी, कारण पडलेली खार आणि सरडा यांना उभ्या भिंतीवरून बाहेर येता येत नाही. घरात लहान मूल असेल तर पायरीवर भागत नाही. दीड फूट पाणीही लेकराला पुरेसे असते. तिथे वर लोखंडी जाळी बसवावी, शोभा गेली तरी चालेल.

दगडांच्या सांध्यांतल्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी माशांना भाजून काढण्याइतके अल्कधर्मी होते. ते भरावे, आठवडाभर ठेवावे, उपसावे, आणि असे दोन-तीनदा करावे. या काळात मासे बादलीत असतात आणि घरातला प्रत्येकजण बादली कुणी तिथे ठेवली असे विचारत असतो.

काठाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे त्यातले भोक. प्रत्येक धरणाला सांडवा असतो. परसातल्या तळ्याला तो नसतो, कारण पाणी जास्त होईल ही कल्पनाच मे महिन्यात कुणाला पटत नाही. जुलैतल्या एका मुसळधार दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर सहा चौरस मीटरच्या तळ्यात सहाशे लिटर पाणी थेट आभाळातून पडते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ मनावर घेऊन कुणी छताचा पन्हळ तळ्याकडे वळवला असेल, तर पन्नास चौरस मीटर छतावरून त्याच दिवशी आणखी पाच हजार लिटर येते, म्हणजे एक अख्खे तळे आणि वर थोडे. मासे तेव्हा अंगणात फिरायला निघतात. काठाच्या खाली दोन इंची पीव्हीसी पाइप, तोंडाला जाळी, आणि पलीकडे उतार एवढे पुरते. पाइप नसला तरी पाणी बाहेर जातेच. ते काठातल्या सगळ्यात खालच्या दगडावरून जाते आणि जाताना त्याच्या खालचा मुरूम घेऊन जाते.

याच जिल्ह्यात, घाटावर, एक असा काठ आहे की त्याच्यावरून पाणी कधी सांडले नाही. लोणारच्या विवराची कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर वर उठलेली आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि काम एका उल्केने काही क्षणांत, मुहूर्त न बघता, उरकले. २०२० मध्ये त्या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिथल्या काठालाही ईशान्येला धारेच्या पाण्याने खोल घळ पाडली आहे. शिवाय तिथे सोनमासे जगत नाहीत; पाणी फार खारे आणि अल्कधर्मी आहे. सिंदखेडराजाच्या मोती तलावाचा बांध माणसांनी बांधलेला, म्हणून तुलनेला अधिक योग्य. पण त्यालाही बाथरूमच्या टाइल्स लावलेल्या नाहीत.

उन्हाळ्यात काठाची परीक्षा वेगळी होते. वैशाखातल्या उन्हात आणि वाऱ्यात तळ्याची पातळी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उतरते, म्हणजे रोज पन्नास लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. हे तीन हंडे रोज टाकावे लागतात, आणि गावात टँकरची चर्चा चालू असताना माशांसाठी तीन हंडे ओतणाऱ्या माणसाकडे रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. परसाला भिंत असेल तर बरे. पाणी टाकले नाही तर कागद उघडा पडून उन्हाने कडक होतो, काठालगतची माती आक्रसून दगडापासून सुटते, आणि मधे बोटभर फट पडते. फटीत विंचू राहायला येतो.

दुरुस्ती मृगाच्या आधी करायची असते. फटीत बारीक मुरूम भरून पाणी मारावे, उचललेले दगड काढून खालचा थर पुन्हा धुमसावा, लेव्हल नळी दोन्ही टोके उघडी ठेवून एकदा फिरवावी, सांडव्याच्या जाळीतला कडुनिंबाचा पाला काढावा. हलणारा दगड कोणता, हे शोधावे लागत नाही. तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. ते त्याच्यावर पाय देत नाहीत, आणि म्हणूनच तो तसाच राहतो. पाहुण्यांना ते कुणी सांगत नाही. पाहुणा येऊन गेला की दुरुस्ती त्याच दुपारी होते. दगड उचलणे, दोन घमेली मुरूम, धुमस, दगड परत: अर्ध्या तासाचे काम आहे. पाहुण्याची पँट वाळायला त्याहून जास्त वेळ लागतो.